कुणी येणारेत का?

सिक्युरिटीवाल्यानं अगदी नीट विचारलं होतं, म्हणजे खेकसला वगैरे नाही, टॉर्चसुद्धा माझ्या तोंडावर न मारता खाली फरशीवर धरला होता, आणि तरी त्याचा तो प्रश्न मला तेव्हापासून चावतोय. डिसेंबरातली रात्र, साडेनऊ वाजून गेलेले, मुंबईच्या कोस्टल रोडच्या बाहेरच्या अंगाला समुद्राकाठी तो जो नवा लांबच लांब प्रोमेनाड झालाय तिथं, हाजी अलीच्या जरा पुढं, वरळीच्या बाजूला मी एकटीच बसले होते. काही करत नव्हते. फोन पर्समध्ये, चपला काढून पाय गार फरशीवर टेकवलेले, समोर काळं पाणी, डावीकडं दर्ग्याचे दिवे आणि त्यामागं मलबार हिलचा उंचवटा, उजवीकडं लांबवर सी लिंक, पण हवेत एवढं धुरकट भरलेलं की तिच्या तारा नुसत्या अंदाजानं ओळखायच्या. "मॅडम, कुणी येणारेत का?" तो म्हणाला. आणि मी, क्षणाचाही विचार न करता, "हो, येतायत ना, मागे आहेत, फोनवर बोलतायत."

"बरं बरं," म्हणून तो पुढं गेला.

कोण येतायत? कुणीच नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, डोंबिवलीला आईबरोबर राहणारी, वरळीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी बाई आहे. पण त्या एका वाक्यात मी सरळ एक नवरा उभा केला, त्याला अहो-जाहो केलं, त्याच्या हातात फोन दिला, त्याला हळू चालायची सवयही लावली. आणि गंमत म्हणजे त्यानंतर दोन-तीनदा मागं वळून बघितलं मी, सिक्युरिटीवाल्याला खोटं वाटू नये म्हणून! एकदा तर मनातल्या मनात चिडले पण, की एवढं काय बोलणं चाललंय यांचं ऑफिसच्या माणसाशी.

तिथं गेले कशी ते काही फार मोठं नाही. महिनाअखेरचं काम संपेपर्यंत आठ वाजले, दादरला त्या वेळी उतरून कल्याण फास्टमध्ये शिरायचं या विचारानंच अंगातलं त्राण गेलं, म्हटलं अर्धा-पाऊण तास कुठंतरी काढू आणि मग जाऊ. रस्त्याखालून पायी जायला भुयारी वाट आहे, तिथून खाली उतरलं की डोक्यावरून गाड्या चाललेल्या जाणवतात, मग चढून बाहेर आलं की एकदम वारा. तो वारा मला अनपेक्षित होता. मुंबईत सहसा समुद्र आधी वासातून येतो, मग आवाजातून, मग दिसतो. इथं तुम्ही सिमेंटच्या डब्यातून थेट त्याच्या पुढ्यात निघता. ओहोटी होती, वास होताच, खारट चिखलाचा, त्यात नाल्याचाही थोडा, वरळीकरांना नाकात बसलेला. आणि एवढी रुंद मोकळी फरशी की पहिली काही मिनिटं मला कुठं चालावं तेच कळेना. वीसेक मीटर रुंद आहे म्हणे. आमच्या डोंबिवलीत एवढ्या रुंदीत दोन सोसायट्या आणि मध्ये एक मेडिकल बसेल.

अंधार पडल्यावर बाग ही गोष्टच मुळात माझ्या ओळखीची नाही. आम्ही गिरगावातले, खेतवाडीतली चाळ, आणि आमची बाग म्हणजे रविवारी दुपारी वडील न्यायचे ती कमला नेहरू पार्कातली, म्हातारीचा बूट. त्या बुटात चढायला रांग, मग खाली उतरून समोर हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेले हत्ती-उंट बघायचे, आणि जरा ऊन उतरून मजा यायला लागली की शिट्टी. बागेचा वॉचमन शिट्टी फुंकत फुंकत एका टोकाकडून यायचा आणि आम्ही सगळे त्याच्यापुढं ढकलले जात फाटकाकडं सरकायचो. वरून मरीन ड्राइव्हचे दिवे लागायला लागलेले दिसायचे तेवढ्यात बाहेर. त्यात आजीचं वेगळंच, तिन्हीसांजा झाल्या की झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपतात, पान तोडायचं नाही, पिंपळाखाली तर उभंच राहायचं नाही, मुंजा असतो. चाळीच्या मागच्या पिंपळावरचा मुंजा आम्हा पोरांना इतका पाठ होता की त्याचं गोत्र काय असेल यावर भांडणं व्हायची. म्हणजे रात्रीच्या बागेत एक तर वॉचमन नाहीतर मुंजा, आपल्याला तिथं काही काम नाही, हे डोक्यात फिट्ट.

इथं शिट्टी वाजली नाही. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, मी आपली वाट बघतेय, आता वाजेल मग वाजेल. कोस्टल रोड गाड्यांसाठी चोवीस तास खुला झाला आणि हा प्रोमेनाडही लोकांना मिळाला तो 2025 च्या 15 ऑगस्टपासून, पण अंगात मुरलेली शिट्टी इतक्यात कशी जाईल.

आणि मुंजाही नाही. असणार कुठून, राहायला झाड नको का? काही ठिकाणी रोपं लावलीयत, काठीला बांधलेली, मुंजीतल्या बटूसारखी नुकतीच उभी केलेली, वाऱ्यानं सगळी एकाच बाजूला कलंडलेली. त्यांची सावली पडायला दहा-पंधरा वर्षं तरी जातील, भूत राहायला यायला त्याहून जास्त. मला हे फार विचित्र वाटत राहिलं, की ही अशी जागा आहे जिथं अजून कुणाचंच काही घडून गेलेलं नाही. कुणाचं लग्न इथं ठरलेलं नाही, कुणाचे आजोबा इथं रोज फिरायला येत नव्हते, "इथं पूर्वी अमुक होतं" म्हणायला काही नाही.

म्हणजे होतं. पाणी होतं.

कोस्टल रोडसाठी समुद्रात भर घालून साधारण 111 हेक्टर जमीन केली, त्यातली 70 च्या आसपास हेक्टर बागा, फिरायची जागा वगैरेसाठी. मी ज्या फरशीवर पाय टेकवून बसले होते तिच्याखाली काही वर्षांपूर्वी भरती-ओहोटीच्या मधला खडकाळ पट्टा होता, आणि ते मी नुसतं वाचलेलं नाही, थोडं बघितलंय. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा ग्रुप आहे, 2017 पासून ते लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर घेऊन जातात आणि खडकांमधल्या डबक्यात काय काय राहतं ते दाखवतात, माझी भाची मला ओढून घेऊन गेली होती एका वॉकला. गुडघ्यापर्यंत सलवार दुमडून, शेवाळावर घसरत, आणि माझं पूर्ण आयुष्य मुंबईत गेलेलं असून मला माहीतच नव्हतं की गिरगावच्या एवढ्या घाण वाटणाऱ्या पाण्यात समुद्रफुलं असतात, बोट जवळ नेलं की मिटतात, रंगीत गोगलगायी असतात, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करून राहणारे खेकडे असतात. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळसुद्धा सापडलं होतं. प्रवाळ म्हणजे आपल्या डोक्यात अंदमान, मालवण, आणि हे इथं, हिरा-पन्ना शॉपिंग सेंटरच्या समोर! मग परवानगी घेऊन 2020 च्या शेवटी त्या प्रवाळाच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडं नेऊन लावल्या, काही हाजी अलीजवळच, काही कुलाब्याच्या टोकाला.

त्यावरून मला बसल्या बसल्या हॉर्नबी वेलार्ड आठवला. गोष्ट आपल्या सगळ्यांना माहितीय, वरळीची खिंड बुजवायला बांध घालायला घेतला तर तो सारखा ढासळायचा, मग त्या बांधाचं काम बघणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, मला आधी पाण्यातून बाहेर काढ म्हणाली, मूर्ती निघाल्या, बांध टिकला, महालक्ष्मीचं देऊळ झालं. 1784 च्या सुमाराचं हे सगळं, आणि ते देऊळ आज जिथं आहे ते मी बसले होते तिथून मागं वळलं तर चालत जाण्यासारखं. म्हणजे याच पाण्यात भर घालायची तर आधी त्यातलं काहीतरी मानानं बाहेर काढायचं, ही इथली जुनी रीत दिसते. या खेपेला प्रवाळ निघालं. फक्त ते कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं, ते कोर्टात गेलं होतं. 2019 च्या जुलैमध्ये हायकोर्टानं या रस्त्याची मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं काम सुरू करू दिलं, आणि त्या जमिनीवर बिल्डिंगा बांधायच्या नाहीत ही अट घातली. त्या अटीवर मी आता बसलेय, असं डोक्यात आलं आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

कारण वारा छान होता हो. ते कसं नाकारू? ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती वरळी कोळीवाड्यातली आहे, तिच्याशी या विषयावर बोलायचं म्हणजे मी जरा जपूनच बोलते. तिचे काका अजून होडी घालतात. सी लिंकला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर आधी 60 मीटर ठरलं होतं, तेवढ्यातून लाटांच्या मधून होड्या काढायच्या म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून कोळी लोकांनी काम अडवून धरलं, बोटी पाण्यात उभ्या केल्या, शेवटी ते 120 मीटर करून घेतलं. ती सांगते ते असं, की तुम्हाला तो व्ह्यू आहे, आम्हाला ती जायची-यायची वाट आहे. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी तिला सांगितलं की काल मी गेले होते तिकडं रात्री. म्हटलं आता ऐकवणार मला. तर म्हणाली, "मी पण जाते. जेवण झालं की पोरांना घेऊन. आता केलायच तर बसायचं, सोडायचं कशाला?" आणि बोंबलाची चटणी पुढं सरकवली. मला वाटतं माझ्यापेक्षा तिचं डोकं स्वच्छ आहे.

तिथं आवाजाचं एक आहे. पुढून लाट आणि पाठीमागून आठ पदरी रस्ता. सुरुवातीला ते त्रासदायक वाटतं, मग कान दोन्ही मिसळून टाकतात, आणि अंधारात खरंच कळेनासं होतं की हे जे येऊन गेलं ते पाणी की इनोव्हा. मग मध्येच कुणीतरी सायलेन्सर फाडलेली भारी गाडी बेफाम हाकत जातो आणि सगळं पुन्हा वेगळं होतं. ब्रीच कँडीवाले या गाड्यांच्या आवाजाबद्दल वैतागून तक्रारी करतायत ते उगाच नाही. आणि दुचाकीला तर या रस्त्यावर बंदीच आहे, रिक्षा तर शहरात तशाही नाहीत, म्हणजे माझ्या भावाची ॲक्टिव्हा, आमच्या प्यूनची स्प्लेंडर, स्विगीवाल्या पोरांच्या बाइक, यातलं काहीच त्या रस्त्यावर जाणार नाही. हजारो कोटींचा रस्ता, आणि बहुतेक मुंबईच्या वाट्याला त्यातली ही कडेची फरशीच. ती तरी मिळाली म्हणायचं. जुन्या वरळी सी फेसच्या कट्ट्यावर पावसाळ्यात लाटा अंगावर घ्यायला आम्ही कॉलेजात असताना जायचो, त्या कट्ट्यासमोर आता गाड्या पळतात, समुद्र आणखी पुढं सरकून इथं येऊन बसलाय. आमच्या पिढीच्या प्रेमभंगांची जागा मागं राहिली, एवढंच.

हळूहळू माणसं दिसायला लागली. अंधारात माणसं आधी आवाजातून कळतात. तीन नर्सेस असाव्यात, गळ्यात आयकार्डं तशीच, एकमेकींना कुठल्यातरी सिस्टरची नक्कल करून दाखवत खिदळत गेल्या. एक काका हात जोरजोरात मागं-पुढं करत चालत होते आणि दर खांबाला टाळी वाजवत होते. एक गुजराती कुटुंब चटई, डबे, आजीसकट आलेलं, आणि त्यांना चटई नक्की कुठं पसरायची ते ठरेना, इथं पसरली, उचलली, तिथं पसरली. चौपाटीला हा प्रश्न येत नाही, तिथं कुणी कुठं बसायचं ते जणू ठरलेलंच आहे, भेळवाल्यांची लाइन, मसाजवाले, पत्ते खेळणारे, जोडपी पाण्याजवळ. इथं अजून जागा वाटून झालेल्या नाहीत. जोडपीसुद्धा बावचळलेली वाटली मला, एवढा उजेड आणि आडोसा काहीच नाही, शेवटी दोघांनी मिळून एक जाकीट डोक्यावरून घेतलं आणि प्रश्न सोडवला. त्यांच्या पलीकडं एक पोरगी, असेल पंचवीस-सव्वीसची, एकटीच, दगडी कठड्याला टेकून चक्क आडवी झाली होती, कानात इअरफोन, बॅग उशाला. बिनधास्त. मला तिचा इतका हेवा वाटला ना. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, अगं किती वाजले, घरी सांगितलंयस का.

सिक्युरिटीवाला परत आला तेव्हा दहा होत आले असतील. या खेपेला मीच विचारलं, ड्यूटी किती असते. बारा तास म्हणाला. मूळचा महाडकडचा. त्याला बसायला कुठं आहे विचारलं तर हसला फक्त. मग थोडं थांबून म्हणाला, "साहेब नाही आले अजून?" तेव्हा माझ्या जिभेवर "येतील" आलं होतं, ते गिळलं आणि म्हटलं, नाही, कुणी येणार नव्हतंच, मी एकटीच आहे, मगाशी उगाच बोलले. तो रागावेल किंवा ओशाळेल असं वाटलं होतं. तो एकदम गंभीर झाला. टॉर्च बंद केला. म्हणाला, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

मला कळायला दोन-चार सेकंद गेली, की तो मगाशीसुद्धा हेच विचारत होता.

म्हणजे मी त्याच्यावर मनातल्या मनात किती खटले चालवले होते तोवर, हा कोण विचारणारा, पुरुषाला विचारलं असतं का, शहर माझंही आहे वगैरे, आणि त्याच्या डोक्यात काय, तर एकटी बाई, रात्रीची, चपला काढून, तासभर पाण्याकडं बघतेय. फोनसुद्धा बघत नाही! सी लिंक समोर दिसते तिथून, मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मी घाईघाईनं पायात चपला सरकवल्या, जणू काही पुरावा नष्ट करतेय, आणि त्याला म्हटलं, अहो काही नाही, ट्रेनला गर्दी असते म्हणून बसले. हे उत्तर मात्र त्याला ताबडतोब पटलं. ट्रेनची गर्दी हे या शहरात कशालाही चालणारं कारण आहे. मग मी विचारलंच, "आणि बाप्ये एकटे बसतात त्यांना विचारता का हो?" तर म्हणाला, "बाप्ये बसतातच की. त्यांच्याजवळ बाटली आहे का तेवढं बघायचं."

आता यावर मी चिडू की काय करू? माणूस चांगला होता. त्याला खरंच काळजी वाटली होती आणि मला ती काळजी आवडली, अनोळखी माणसानं रात्री थांबून, घरी ठीक आहे ना, असं विचारलेलं मला शेवटचं कधी आठवतच नाही. पण त्या काळजीच्या हिशोबात एकट्या बाईला दोनच खाती आहेत, एक तर ती कुणाची वाट बघतेय, नाहीतर जीव द्यायला आलीय. नुसतं बसलीय, हवा खातेय, काही विशेष नाही, हे खातं अजून उघडायचंय. आणि मी स्वतः तरी काय केलं, विचारल्याबरोबर पहिल्याच खात्यात जाऊन नाव लिहून आले. ते "येतायत" माझ्या तोंडात तयार होतं, वर्षानुवर्षं, रात्रीच्या टॅक्सीत "हो, पोचतेच आहे, तुम्ही खाली या" असं बंद फोनमध्ये बोलून बोलून तयार झालेलं. नव्या जमिनीवर बसले तरी तोंड जुनंच घेऊन गेले होते ना मी.

निघताना ती आडवी झालेली पोरगी तशीच होती. सिक्युरिटीवाला तिच्याजवळून गेला, थोडा रेंगाळला, आणि मला वाटतं त्याला कळेना हिला काय विचारायचं. पुढं निघून गेला.

घरी पोचायला साडेअकरा झाले. आई जागीच होती, टीव्ही म्यूट करून. कुठं होतीस म्हणाली, मी सांगितलं, समुद्रावर बसले होते, नवीन बाग झालीय हाजी अलीला. मला वाटलं आता रात्रीच्या वेळी, एकटी, दिवस कसे आहेत, सगळं सुरू होणार. तर तिनं विचारलं बसायला पाठ टेकता येते का. म्हटलं काही ठिकाणी येते. पायऱ्या किती? म्हटलं आहेत थोड्या, भुयारातून जावं लागतं. मग रिमोट खाली ठेवून म्हणाली, "आणि बाथरूम? ते जवळ पाहिजे. तुम्ही लोक व्ह्यू सांगता, बाथरूम सांगत नाही." मी म्हटलं बघून येते. "आत्ता नको जाऊस," म्हणाली, "शनिवारी जा, नीट बघ, आणि स्वच्छ आहे का ते पण बघ, मग मी येते. जेवून जायचं की तिथं काही मिळतं?"